कॉफी निवते कुठे?
चुलीमागचं विज्ञान : लेखांक ९

मागच्या लेखांकात दूध उतू का जातं ते पाहिलं. दुधापाठोपाठ कॉफी येणं ओघानंच आलं. पुण्यात घरच्या कॉफीबद्दलची तक्रार ठरलेली असते. ‘वैशाली’, ‘रूपाली’ या हॉटेलांत मिळते तशी ती होत नाही आणि झालीच तर गरम राहत नाही. यातल्या पहिल्या अर्ध्याचं कारण बहुतेकदा पुडीत सापडतं. दुसऱ्या अर्ध्याचं कारण भांड्यांत असतं. आपण मात्र सगळा दोष गॅसवर ढकलतो. कॉफी कोमट लागली की पातेलं पुन्हा चढवायचं आणि चांगली खळखळ उकळायची, हा आपला सर्वमान्य उपाय. त्यानं कॉफी गरम होते हे खरं, पण प्यायच्या लायकीची राहत नाही.

इथे दोन वेगळी तापमानं आहेत आणि घोळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. पाणी पुडीला भिडतं तेव्हाचं तापमान ९० ते ९६ अंश सेल्सिअस असावं, असं जगभरचे कॉफीवाले मानतात. त्याहून फार थंड पाण्यात पुडीतले आंबट अंश आधी उतरतात, गोडसर आणि कडसर अंश मागे राहतात, आणि कॉफी पाणचट, आंबूस लागते. दुसरं तापमान ओठांशी येतानाचं. ते साठ-पासष्टच्या आसपास असलं की चव कळते आणि जीभही शाबूत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण ठरण्याचा संभव आहे, असं म्हटलं. तेव्हा ‘कडक गरम’ची हौस असणाऱ्यांनी कॉफी कपात वाफाळती घ्यावी, घोट मात्र जरा दम धरून घ्यावा.

आता पहिल्या तापमानाकडे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं आणि दर तीनशे मीटर चढाईला हा आकडा साधारण एका अंशानं उतरतो. पुणे साडेपाचशे मीटरांहून थोडं वर आहे, म्हणजे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. सिंहगडावर किंवा महाबळेश्वरात ते पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळी धरतं. लेहमध्ये तर नव्वदही गाठत नाही. परदेशी पुस्तकांत ‘पाणी उकळा, मग अर्धा मिनिट थांबा’ असं लिहिलेलं असतं, कारण उकळत्या पाण्यानं कॉफी जळते अशी समजूत आहे. ज्या बिया भट्टीत दोनशे अंशांच्या पुढे भाजून आलेल्या असतात, त्यांना ९८ अंशांचं पाणी काय जाळणार? जळकट चव येते ती पुडीसकट कॉफी उकळत ठेवल्यानं. त्यात कडू अंश उतरत राहतात आणि सुगंध खिडकीतून शेजाऱ्यांकडे जातो.

पुण्यात थांबायची गरज नाही याचं आणखी एक कारण आहे. स्टीलचा फिल्टर घ्या. वरच्या भांड्याचं वजन शंभर ग्रॅम धरा, आत वीस ग्रॅम पूड, आणि दोन्ही स्वयंपाकघराच्या तापमानाला, म्हणजे पंचवीस अंशांवर. त्यावर ९७ अंशांचं १३० मिलिलिटर पाणी ओतलं, तर भांडं आणि पूड तापवण्यातच ते ८८पर्यंत उतरतं. पुढे ठिबकताना आणखी निवतं. तेच वरचं भांडं आधी गरम पाण्यात बुडवून, पुसून घेतलं, तर आपण नव्वदच्या वर राहतो. घरच्या फिल्टर कॉफीतला निम्मा पाणचटपणा या एका कृतीनं जातो असा माझा दावा आहे. उरलेला जातो तो पूड मोजून घेतल्यानं.

फिल्टरची रीत थोडक्यात अशी. तीन ते चार सपाट मोठे चमचे पूड वरच्या भांड्यात घालायची आणि दांडीच्या चकतीनं हलकेच दाबायची. लाडू वळल्यासारखी ठासायची नाही. आधी चार चमचे उकळतं पाणी घालून अर्धा मिनिट पूड फुगू द्यायची, मग उरलेलं ओतून झाकण लावायचं. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन खाली उतरतं. पूड आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते. म्हणून १३० मिलिलिटर ओतलं तरी हाती नव्वदच्या आसपासच येतं. अर्धा तास झाला तरी थेंब पडत नसेल तर पूड फार बारीक आहे किंवा जास्त दाबली गेली आहे. फिल्टर आपटून उपयोग नाही.

पुडीचं म्हणाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असलीच पाहिजे. उरलेली ४९ टक्के चिकोरी चालते! चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ, आपल्याकडे ते मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यात कॅफिन नसतं. पण रंग आणि दाटपणा ती झटक्यात देते, म्हणून दुधाच्या कॉफीत तिला स्थान आहे. ८०-२० पर्यंत मला काही म्हणायचं नाही. ६०-४० घेणाऱ्यांनी मात्र कॉफीला वास येत नाही म्हणून कुरकुरू नये. मराठी माणसाच्या जिभेला चिकोरीची सवय जुनी आहे. पेस्तनजी एदलजी या मुंबईकर पारशाच्या ‘पोल्सन’नं लोण्याआधी चिकोरीची ‘फ्रेंच कॉफी’ घरोघर पोचवली होती. शक्य असेल तर पूड दळून देणाऱ्या दुकानातून घ्या आणि थोडी थोडी घ्या. दळलेल्या कॉफीचा वास काही दिवसांतच उतरू लागतो. सहा महिन्यांचा साठा डब्यात भरून ठेवणं हा मसाल्यांच्या बाबतीत शहाणपणा असेल, कॉफीच्या बाबतीत नाही.

आता मूळ प्रश्न : उष्णता जाते कुठे? यासाठी शाळेतलं मिश्रणाचं गणित पुरतं. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा पक्की आहे.

समजा, सकाळचं डिकॉक्शन फ्रिजमध्ये होतं. त्यातलं पाच अंशांचं ५० मिलिलिटर घेतलं आणि त्यात ९५ अंशांचं १०० मिलिलिटर दूध ओतलं. मिश्रण होतं ६५ अंशांचं. ते पाव किलो वजनाच्या चिनी मातीच्या मगात ओतलं. मग पंचवीस अंशांवर होता. तो आपला वाटा घेतो आणि कॉफी ५५वर येते. टेबलापर्यंत नेईस्तोवर ती कोमट झालेली असते आणि मग पातेल्याची आठवण होते. आता तीच कॉफी दुसऱ्या रीतीनं करू. डिकॉक्शनची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ते ७०पर्यंत आणलं आणि मगही आधी गरम पाण्यानं विसळून साठपर्यंत तापवला. दूध तेवढंच, तितकंच गरम. कपातली कॉफी निघते ८० अंशांची! ५५ आणि ८० यांच्यात गॅसवरच्या दुधानं काहीच केलेलं नाही. सगळा फरक वाटीचा आणि मगाचा आहे. डिसेंबरातल्या सकाळी, स्वयंपाकघर पंधरा अंशांवर असताना, थंड मग याहून जास्त उष्णता खातो.

यावरून दोन गोष्टी सुचतात. डिकॉक्शन गरम करायचं ते वाफेवर किंवा गरम पाण्यात, थेट आचेवर नाही. थेट आचेवर ते कडेनं उकळतं आणि कडवट होतं. दुसरं, जाड मग दिसायला दणकट असला तरी थंड असताना तो कॉफीचा शत्रू आहे. स्टीलचा पेला वजनाला हलका, म्हणून सुरुवातीला कमी उष्णता खातो. नंतर मात्र पत्र्यातून ती भराभर बाहेर सोडतो. दाक्षिणात्य घरांत पेला डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ठेवून देतात तो हात भाजू नये म्हणून, आणि वरून धार धरून वरखाली ओततात ते फेस यावा, साखर विरघळावी आणि कॉफी पिण्याजोगी व्हावी म्हणून. रास्ता पेठेत, खडकीत जुन्या दाक्षिणात्य वस्तीतल्या घरांत हे रोज चालतं. ज्यांची तक्रारच ‘गरम नाही’ ही आहे, त्यांनी मात्र ही धार एकदाच धरावी. हवेतून पडणारी बारीक धार म्हणजे कॉफी निववण्याचा सर्वांत वेगवान घरगुती उपाय आहे.

दुधाबद्दल एवढंच, की ते एकदाच, कॉफीच्या वेळी तापवलेलं असावं. सकाळपासून तीनदा उकळलेल्या दुधाची एक शिजकी चव येते आणि ती कॉफीवर मात करते. गाईच्या दुधाच्या पिशवीत साडेतीन टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये सहा. चितळे घ्या नाहीतर कात्रज, दाट कॉफी हवी असेल तर ती निवड स्निग्धांश पाहून करा, नावावरून नाही.

फिल्टर सोडून बाकीच्या पद्धती आता पुण्यातही घराघरांत शिरल्या आहेत, त्यांच्याकडे जरा भरभर पाहू. इटलीत १९३३ साली अल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यातून निघालेलं मोका भांडं वाफेच्या दाबानं पाणी पुडीतून वर ढकलतं. गरम आणि जोरकस कॉफी झटपट हवी असेल तर याला तोड नाही. फक्त खालच्या भांड्यात पाणी आधीच गरम भरा, नाहीतर ते तापेपर्यंत पूडही भाजत राहते. आच मंद ठेवा आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा. आपल्या गॅसच्या शेगडीवर हे छोटं भांडं धड बसत नाही, त्यासाठी वर जाळी ठेवावी लागते. ॲल्युमिनियमचं असेल तर इंडक्शनवर चालणार नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही.

फ्रेंच प्रेसमध्ये अर्धा लिटर पाण्याला तीस ग्रॅम जाडसर पूड, चार मिनिटं झाकून ठेवायची आणि दट्ट्या दाबायचा. काचेचं भांडं आधी तापवा आणि भोवती टॉवेल गुंडाळा, कारण काच चार मिनिटांत बरीच निवते. झाली की सगळी ओतून घ्या, गाळावर बसवून ठेवू नका. कागदी गाळणीची कल्पना ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीनं १९०८ साली काढली. त्यातली कॉफी सर्वांत स्वच्छ लागते आणि सर्वांत लवकर निवते. उघड्यावर तीन मिनिटं धार धरायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? ती बिनदुधाची आणि सावकाश पिणाऱ्यांसाठी. चिकोरीची पूड तिथे वापरू नका, बिया हव्यात. नागपूरच्या ‘कॉरिडॉर सेव्हन’सारखे कॉफी भाजणारे महाराष्ट्रातच आहेत, आणि कॉफीचं पीकही आपल्याकडे अगदीच परकं नाही, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला ते होतं.

आता आपली जायफळाची कॉफी. तिला कॉफी म्हणायला हल्लीचे दर्दी तयार नसतात, मला ते मान्य नाही. लग्नाच्या पहाटे, जागरणाला, आजाऱ्याच्या उशाशी महाराष्ट्रानं हीच कॉफी प्यायली आहे. शिवाय सगळ्या पद्धतींत हीच सर्वांत गरम, कारण ती थेट पातेल्यातून कपात येते. तिचं दुखणं एकच : दूध, साखर, पूड, सगळं एकत्र घालून उकळायचं. त्याऐवजी अर्धा कप पाणी उकळून गॅस बंद करा, पूड घालून चार मिनिटं झाकण ठेवा आणि फडक्यानं गाळा. साखर आणि किसलेलं जायफळ दुधात उकळू द्या आणि ते दूध या अर्कावर ओता. जुन्या घरांतून झाकून ठेवून फडक्यानं गाळण्याची रीत होतीच, आणि फ्रेंच प्रेसचं तत्त्व याहून वेगळं नाही. जायफळ मात्र चिमटीभरच, जास्त झालं की ते कडवटतं.

राहिलं पाणी. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ आहे आणि कॉफीला ते मानवतं. नव्या उपनगरांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. त्यातल्या क्षारांनी कॉफीतला नाजूक आंबटपणा मारला जातो आणि चव सपाट होते, शिवाय केटलीत पांढरा थर बसतो तो वेगळाच. आरओनं पार क्षारमुक्त केलेल्या पाण्यातही कॉफी नीट उतरत नाही. आरओला क्षार कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. पुढच्या वेळी दुरुस्तीवाला येईल तेव्हा तो किती फिरवला आहे ते विचारा.

एका वेळी एकच बदल करून पाहा. आधी फक्त मग तापवा, चार दिवसांनी फिल्टर, मग पूड बदला. म्हणजे कशानं काय झालं ते कळेल. स्वयंपाकघरातला थर्मामीटर मिळाला तर तुमचे आकडे लिहून कळवा, विशेषतः महाबळेश्वर, पाचगणीच्या वाचकांनी. पुढच्या आठवड्यात विरजण.