अशक्याची पटणारी गोष्ट – भाग सातवा : भीम, वाघ आणि दोर

झाडीपट्टी रंगभूमीवरील मारामारीच्या प्रवेशांचा जो विचार या भागात व्हायचा होता, तो पुढील आठवड्यावर ढकलावा लागत आहे. कारण मूल तालुक्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न बाजूला ठेवण्याजोगा नाही. एस. एस. राजमौली यांच्या ‘आरआरआर’ (२०२२) या चित्रपटातील वाघाचा प्रसंग, ज्यांच्या शिवारात वाघ खरोखरच येतो त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रेक्षकांनाही खोटा का वाटत नाही, असा तो प्रश्न आहे.

वास्तवाच्या कसोटीवर हा प्रसंग क्षणभरही टिकत नाही. वाघ थोड्या अंतरापुरता ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने धावू शकतो, तर उसेन बोल्टचा सर्वोच्च वेगही ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास होता. तेव्हा जंगलातून पळणाऱ्या नायकाने, म्हणजे भीमाने, वाघाला मागे ठेवणे संभवत नाही. वनौषधीने वाघ तत्काळ बेशुद्ध पडणे तर त्याहून अशक्य. वनविभागाचे पथक झायलाझिन व केटामाइन या औषधांचा डार्ट, म्हणजे दुरून बंदुकीने सोडलेली भुलीची सुई, वापरते, तेव्हाही औषधाचा अंमल चढेपर्यंत काही मिनिटे जातात आणि तेवढ्यात वाघ झुडपात दिसेनासा होऊ शकतो.

तरीही प्रसंग पटतो, याचे मुख्य कारण असे की त्यातील प्रत्येक अशक्य गोष्टीची किंमत पडद्यावर वसूल केली जाते. अंगाला रक्त फासून भीम स्वतःच आमिष बनतो. पाठलागावर आधी लांडगा येतो, मध्येच वाघ उपटतो आणि आखलेला बेत बिघडतो. सापळ्यात अडकलेला वाघ दोरांना हिसडे देतो, दोर ताणतात, आधार सुटू लागतो, तेव्हा उरलेला भार भीमाला स्वतःच्या हातांनी पेलावा लागतो आणि पंजा त्याच्या तोंडापर्यंत येतो. संगणकावर घडवलेल्या त्या वाघाला वजन नाही. ते दोराच्या ताणाने आणि नटाच्या थरथरत्या दंडांनी त्याला दिले आहे. जनावर शुद्ध हरपून पडल्यावर भीम त्याला भाऊ म्हणून त्याची क्षमा मागतो, आणि मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना वाघाचे भय बाळगूनही त्याला देव मानणाऱ्या मुलखात ही क्षमायाचना साऱ्या पराक्रमापेक्षा अधिक खरी वाटते.

या मुलखात नायकाचे नावही प्रेक्षकाच्या विश्वासात भर घालते. कोमरम भीम हे शेजारच्या आदिलाबादचे गोंड नेते निजामाच्या सत्तेशी लढताना १९४० मध्ये जोडेघाट येथे मारले गेले. त्यापूर्वी फरारी असताना त्यांनी काही काळ चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, एका छापखानेवाल्याकडे आश्रय घेतला होता, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. चित्रपटात यातले काहीही नाही, आणि भीम व चित्रपटाचा दुसरा नायक अल्लुरी सीताराम राजू, म्हणजे राम, यांची मैत्री ही सर्वस्वी कल्पना आहे. पण पूज्य नावाच्या माणसाकडून अचाट कृत्याची अपेक्षा प्रेक्षक आधीच बाळगून असतो.

दुसरे कारण पेरणीचे. पुढे लागणारी गोष्ट आधीच, तिच्या उपयोगाचा सुगावा न देता, दाखवून ठेवणे याला पटकथेत पेरणी म्हणतात. इंग्रजांनी पळवून नेलेल्या मल्ली या गोंड मुलीला सोडवायला भीम गव्हर्नरच्या वाड्यात श्वापदांचा ट्रक घेऊन घुसतो, तेव्हा त्या दोरातल्या वाघाची आठवण प्रेक्षकाला असतेच. तसेच, मल्लीच्या आईवर गोळी वाया घालवायला नको, असे आरंभी सुनावणारा गव्हर्नर शेवटी गोळीनेच मरतो, आणि त्या गोळीचे मोल प्रेक्षकाच्या पूर्ण लक्षात राहिलेले असते.

मात्र अशक्याची किंमत वसूल करण्याचे पथ्य शेवटपर्यंत पाळलेले नाही. छळाने पाय निकामी झालेल्या रामाला भीम खांद्यावर घेऊन लढतो तो भाग उत्तम आहे, कारण तेथे दुखापतीतूनच युक्ती जन्माला येते. त्यानंतर वनौषधीचा लेप लागताच राम धनुष्य घेऊन ताठ उभा राहतो, तेथे मात्र सोसलेल्या वेदनेचा हिशेब एकदम पुसला जातो. तो प्रसंग देखणा असूनही वाघाच्या प्रसंगापेक्षा फिका पडतो.