धो धो म्हणजे किती?

पनवेलमध्ये जुलैत कुणालाही विचारा, ‘रात्री पाऊस किती झाला?’ उत्तर ठरलेलं : ‘धो धो!’ माझ्या भाचीचं त्यानं समाधान होईना. ‘मामा, धो धो म्हणजे किती?’ मग आम्ही दोघांनी पाऊस मोजायचं यंत्रच करायला घेतलं.

वर नरसाळं, त्याखाली सी-सॉसारखी डुलणारी दोन खणांची पन्हळ. एका खणात ५ मिलिलिटर पाणी साठलं की तो धपकन खाली येऊन रिकामा होतो आणि दुसरा खण नरसाळ्याखाली येतो. आमच्या नरसाळ्याचं तोंड १०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एक डुलकी झाली की अर्धा मिलिमीटर पाऊस. गणित करून बघा, जुळतं!

पण रात्रभर जागून डुलक्या मोजणार कोण? आर्डुइनो! इटलीतल्या इव्रेआ गावात २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला हा छोटासा बोर्ड. त्याच्या चिपला आकडे लक्षात ठेवायला फक्त २ किलोबाइट जागा. कमी वाटते? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः बांधून सुरू केला. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि जागा होती १० किलोबाइट. आमच्या चिपच्या फक्त पाचपट! आणि आमची चिप तर खोडरबराहूनही बारीक.

पन्हळीला आम्ही लोहचुंबक चिकटवलं. समोर रीड स्विच : काचेच्या इवल्याशा नळीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक समोरून गेलं की पट्ट्या एकमेकींना टेकतात, वीज वाहते आणि बोर्ड मोजतो, ‘एक’.

सिरिंजनं मोजून ५ मिलिलिटर पाणी घातलं. पन्हळ एकदाच डुलली. स्क्रीनवर आकडा आला ४! पुन्हा घातलं, तर थेट ७. भाचीनं सगळ्या तारा तपासल्या, प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. चूक कुठेच सापडेना.

चेंडू फरशीवर टाकला की तो एकदम थांबतो का? टप, टप, टपटप करत थांबतो. त्या पट्ट्याही तशाच टेकतात, उडतात, पुन्हा टेकतात. हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं, म्हणून आपल्याला एकच ‘टिक्’ वाटते. पण आर्डुइनोच्या चिपचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं. एका मिलिसेकंदात १६,०००! तिला प्रत्येक टप्पा वेगळा दिसतो. ती बिचारी दिसलं तेच सांगत होती. डुलकी कशाला म्हणायचं, हे आपणच तिला सांगितलं नव्हतं. मला तर हा शोध अख्ख्या यंत्राहून मोलाचा वाटला.

भाचीनं प्रोग्राममध्ये भर घातली : एकदा मोजलंस की २०० मिलिसेकंद गप्प बस. मग दहा डुलक्यांना बरोबर दहा!

त्या रात्री गच्चीवर यंत्र ठेवलं. शेजारी खात्रीसाठी सरळ उभ्या कडांचा एक डबाही. सकाळी स्क्रीनवर ६४ डुलक्या, म्हणजे ३२ मिलिमीटर. डब्यात पट्टी बुडवली, तर पाणी ३५ मिलिमीटर.

पाऊस जोरात असला की पन्हळ डुलत असतानाही वरून धार चालूच राहते, आणि ते पाणी आधीच भरलेल्या खणात जाऊन न मोजताच सांडतं. उरलेले ३ मिलिमीटर तिथेच गेले असावेत, असं भाचीचं म्हणणं आहे. ती आत्ता गच्चीवर सिरिंज घेऊन तेच तपासत बसलीय.