शस्त्रक्रियेच्या जखमा जोडणारे नवे चिकट पदार्थ : स्वरूप आणि उपयोजन

शस्त्रक्रियेनंतर जखमेच्या कडा एकमेकींना भिडवून ठेवणे ही शल्यविद्येची प्राचीन समस्या होय. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चावून घेऊन त्यांची डोकी तशीच ठेवण्याची पद्धत वर्णिलेली आहे. आज हे कार्य धागा करतो. परंतु प्रत्येक टाका म्हणजे ऊतीला पाडलेले आणखी एक छिद्रच असते. फुप्फुसासारख्या नाजूक अवयवात त्यातून हवा वा रक्त झिरपू शकते.

या दृष्टीने सायनोॲक्रिलेट महत्त्वाचे ठरले. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हे रसायन हाती आले आणि फार चिकटते म्हणून बाजूला ठेवले गेले! त्वचेवरील ओलाव्याचा स्पर्श होताच त्याचे रेणू साखळ्या बांधतात व घट्ट पापुद्रा तयार होतो. त्याच्या ऑक्टिल प्रकारास अमेरिकेत १९९८ मध्ये त्वचेच्या जखमांसाठी मान्यता मिळाली. हा पापुद्रा साधारणतः पाच ते दहा दिवसांत आपोआप गळून पडतो. टाके काढावे लागत नाहीत. बोदवड परिसरातील शेतमजुरास टाके काढण्यासाठी भुसावळ किंवा जळगाव गाठावे लागले, तर एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. नळीची किंमत धाग्यापेक्षा अधिक असली तरी हा खर्चही हिशेबात धरावयास हवा. मात्र हा पापुद्रा ठिसूळ असल्याने सतत वाकणाऱ्या सांध्यावर तो टिकत नाही, तसेच तो जखमेच्या आत भरावयाचा नसतो.

शरीराच्या आत खरी अडचण पाण्याची आहे. ऊती व चिकट पदार्थ यांच्यामध्ये द्रवाचा पातळ थर राहतो. फायब्रिन गोंद रक्त गोठण्याच्या अंतिम टप्प्याचे अनुकरण करतो. तो शरीरास मानवतो, पण त्याची पकड दुर्बल असते. समुद्रातील शिंपले मात्र लाटांतही खडकाला धरून राहतात, ते त्यांच्या प्रथिनांतील ‘डोपा’ या घटकामुळे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये वेगळा मार्ग दाखविला : दोन्ही बाजूंनी चिकटणारी कोरडी पट्टी प्रथम मधले पाणी शोषून घेते आणि सुमारे पाच सेकंदांत ओल्या ऊतींना धरते. हे प्रयोग प्राण्यांवर व त्यांच्या ऊतींवर झाले होते.

याउलट, जेथे त्वचाच काढून घेतलेली असते तेथे काहीही चिकटू नये, हीच अपेक्षा असते. मांडीवरून त्वचेचा पातळ थर घेतल्यावर तेथे लावलेली व्हॅसलीनची जाळीपट्टी वाळून नव्या त्वचेला चिकटते. ती सोडविताना रुग्ण अक्षरशः कळवळतो. मुंबईतील शीव रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे व सहकाऱ्यांनी त्यासाठी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. ‘बर्न्स’ या नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ही पट्टी वेदनेविना निघत असल्याचे दिसले. पानाचा मेणचट, गुळगुळीत पृष्ठभाग जखमेला धरत नाही. रावेर-यावल पट्ट्यात घड उतरल्यावर हेच पान बांधावर वाळत पडते.