गुरुत्वाकर्षण की त्वरण? : समतुल्यता तत्त्वातील एक विस्मृत अट

प्रस्तावना

मुक्तपणे खाली पडणाऱ्या व्यक्तीस स्वतःचे वजन जाणवत नाही, हा विचार १९०७ साली अल्बर्ट आईन्स्टाईन यांना सुचला आणि त्यातून समतुल्यता तत्त्वाचा पाया घातला गेला. पृथ्वीवरील बंद खोली आणि दूर अवकाशात ९.८ मीटर प्रति वर्ग सेकंद त्वरणाने जाणारे यान यांत आतील निरीक्षकास भेद करता येत नाही, असे आपण वर्गात शिकवितो. तथापि, 'पुरेशा लहान जागेत आणि अल्प काळात' ही अट गाळल्यास हे विधान सदोष ठरते.

एका ठिकाणचे मापन

तानकाटा, लंबक किंवा पडणारा चेंडू दोन्ही ठिकाणी सारखेच उत्तर देतात. कारण जडत्वीय आणि गुरुत्वीय वस्तुमान समान असते. 'मायक्रोस्कोप' उपग्रहाच्या २०२२ मधील अंतिम निष्कर्षांनुसार, प्लॅटिनम व टायटॅनियमच्या मिश्रधातूंच्या पतनात १० च्या उणे १५ व्या घाताच्या पातळीपर्यंत फरक आढळला नाही. पाउंड व रेब्का यांनी १९६० साली हार्वर्ड येथील मनोऱ्यात सुमारे २२.५ मीटर उंचीच्या अंतरात गॅमा किरणांच्या वारंवारितेतील बदल मोजला. तो प्रयोगही येथे निर्णायक ठरत नाही. तेवढ्याच लांबीच्या त्वरणशील यानातही तोच बदल अपेक्षित आहे.

दोन ठिकाणांची तुलना

पृथ्वीचे आकर्षण केंद्राच्या दिशेने असते व उंचीनुसार घटते. म्हणून एकावर एक, १ मीटर अंतरावरून एकाच वेळी सोडलेल्या दोन चेंडूंतील अंतर पहिल्या सेकंदात सुमारे १.५ मायक्रोमीटरने वाढते. शेजारी शेजारी सोडलेले चेंडू त्याच्या निम्म्याने जवळ येतात. यानात सोडलेल्या चेंडूंतील अंतर मात्र कायम राहते. समुद्राच्या भरती-ओहोटीचे मूळही आकर्षणाच्या याच असमानतेत आहे. २००९ ते २०१३ या काळात कार्यरत असलेल्या युरोपीय 'गोसे' उपग्रहाने अर्धा मीटर अंतरावरील त्वरणमापकांच्या जोड्यांनी हीच असमानता मोजून पृथ्वीच्या गुरुत्वक्षेत्राचा नकाशा तयार केला.

निष्कर्ष

योग्य त्वरणाची चौकट निवडून एका बिंदूपाशी गुरुत्वाकर्षण नाहीसे करता येते. त्याची असमानता नाहीशी करता येत नाही. सामान्य सापेक्षतेत हीच असमानता अवकाश-काळाची वक्रता होय. अध्यापनात उपरोक्त अट आवर्जून सांगितली, तरच विद्यार्थ्यास समतुल्यतेपासून वक्रतेपर्यंतचा मार्ग सापडेल.