काळजाचा निरोप, डोंगराआडची रेंज

पेसमेकरचा निरोप बहुतेक रात्रीच निघतो. पेशंट झोपलेला असतो, उशाजवळचा बॉक्स हाताच्या अंतरावर असतो, म्हणून मध्यरात्रीनंतरची वेळ मुद्दाम धरलेली. छातीतलं यंत्र आपली नोंद बॉक्सकडे देतं, बॉक्स ती मोबाइल नेटवर्कवरून पुढे धाडतो आणि सकाळी मुंबईतल्या डॉक्टरांना ती स्क्रीनवर दिसते. कर्जत-खालापूर भागात असे बॉक्स लावत हिंडणाऱ्या आम्हा मंडळींना विचाराल, तर या प्रवासात खरे अवघड टप्पे दोनच. छातीतलं पहिलं बोटभर अंतर, आणि डोंगराआडच्या घरापासून टॉवरपर्यंतचं शेवटचं.

छातीचं आधी सांगतो. स्नायूंमध्ये बरंचसं पाणीच, तेही खारं. ते रेडिओलहरी शोषून घेतं आणि फ्रिक्वेन्सी जितकी वर, तितकं जास्त शोषतं. म्हणून वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झऐवजी शरीरातल्या यंत्रांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा पट्टा निवडला गेला. अमेरिकेने तो १९९९ साली दिला, पुढे आपल्याकडेही तो विनापरवाना खुला झाला. गंमत अशी, की हा पट्टा मुळात हवामानाच्या फुग्यांचा! वरची थंडी-वारा मोजत ते त्याच्या आसपासच बोलतात. फुगे आभाळात आणि पेसमेकर घरात, तोही जेमतेम २५ मायक्रोवॉट ताकदीचा, म्हणून दोघांचं जमतं. शिवाय बोलण्याआधी चॅनेल मोकळा आहे का, हे ऐकून घेण्याची शिस्त यंत्रांना घालून दिलेली आहे.

डेमोचा पेसमेकर मी घरच्यांच्या हातात देतो. टायटॅनियमची गुळगुळीत डबी आणि वर वायर खोचायची पारदर्शक टोपी. धातूच्या डबीतून या लहरी बाहेर पडत नाहीत, म्हणून अँटेना त्या टोपीत बसवलेली असते. एवढ्याशा जागेत ती मावते कशी? हवेत पाऊण मीटर लांब असलेली लहर स्नायूत शिरली, की आखडून साधारण १० सेंटिमीटर होते. जे पाणी आवाज गिळतं, तेच अँटेनाला लहान राहू देतं. मला हे अजूनही थक्क करतं.

मग रात्रीची झोप आडवी येते. यंत्र डाव्या छातीत, बॉक्स उजवीकडच्या कोनाड्यात आणि पेशंट डाव्या कुशीवर, म्हणजे मध्ये अख्खा माणूस. असे कितीतरी 'बिघाड' आम्ही बॉक्स खाटेच्या दुसऱ्या बाजूला ठेवून मिटवले आहेत.

कुलुपाचा प्रश्न निराळा. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर दाखवून दिलं, की छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरची सेटिंग रेडिओवरून परस्पर बदलता येते. तिथले तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या यंत्राची वायरलेस सोय तर त्यांचे डॉक्टर जोनाथन रायनर यांनी २००७ मध्येच बंद करवली होती. हल्ल्याची भीती होती. जगाला हे कळलं २०१३ मध्ये. मग भक्कम पासवर्ड का नको? खालापूर टोलनाक्यापाशी एक्स्प्रेसवेवर अपघात झाला, पेशंट बेशुद्ध आहे आणि डॉक्टर अनोळखी, तर पासवर्ड कोणाला विचारणार? म्हणून बऱ्याच यंत्रांत आधी प्रोग्रॅमरचा, म्हणजे सेटिंग बदलणाऱ्या यंत्राचा, वाँड छातीशी टेकवावा लागतो, मगच दूरचं बोलणं सुरू होतं. एवढ्या जवळ जो येऊ शकतो, त्याच्यावर भरवसा. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो.

खोपोलीच्या एका काकांचा फोन पावसाळ्यात हमखास येतो. "दादा, लाइट गेली, रेंज पण गेली. आता ठोक्यांचं काय?" मी दर वेळी तेच सांगतो, आणि सांगायला कंटाळत नाही. काका, ठोका पेसमेकर स्वतःच्या बॅटरीवर देतो. रेंज फक्त बातमी नेते. बातमी यंत्रात साठून राहते, लाइट आली की जाते.

पण बातमी उशिरा पोचणं हेही लहान नुकसान नव्हे. खांडसच्या बाजूला एका मावशींकडे बॉक्सचा दिवा पिवळ्याचा हिरवा होईना. माजघरात रेंज शून्य, पडवीत एक काडी. बॉक्स पडवीत ठेवला, तर रात्री मावशी लांब. खाट पडवीत न्यावी म्हटलं, तर सून म्हणाली, "पावसाची झड येते हो." अखेर मुलाने पडवीला ताडपत्री बांधली आणि खाट भिंतीलगत ओढली. उशाजवळ, डाव्या बाजूला, आम्ही बॉक्ससाठी फळी ठोकली.

काही दिवसांनी त्याच बॉक्समधून नोंद आली: हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय मधूनमधून पार बिघडत होती. मावशींना तसूभरही जाणवलं नव्हतं. अशा लयीत रक्ताची गुठळी होऊन लकवा मारू शकतो. डॉक्टरांनी बोलावून घेतलं, तपासलं, रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. पुढची नेहमीची तपासणी बऱ्याच महिन्यांनी होती.

तेव्हापासून ऑपरेशनआधीच्या कागदांवर मी पेन्सिलीने तीन प्रश्न लिहितो: झोपता कुठे, कुठल्या कुशीवर, आणि तिथे कोणत्या कंपनीची रेंज येते? हे छापील फॉर्ममध्ये यावेत, म्हणून माझी खटपट चालू आहे.