प्रिंटरचा दिवाच लागत नाही?

बोर्डातून येते ती 230 व्होल्टची एसी वीज. इंकजेट प्रिंटरच्या मोटारी आणि हेड चालतात ते डीसीवर, तेही बरेचदा 24 किंवा 32 व्होल्टच्या. मधलं रूपांतर करतो तो पॉवर सप्लाय. काही प्रिंटरांत तो वायरीच्या मध्यावर लोंबतो, काहींत मागच्या बाजूने आत बसवलेला असतो. बटण दाबून काहीच हललं नाही, तर आधी वायर बदलून पाहा. अनेकदा दुखणं तिथेच असतं.

नवा सप्लाय घेताना जुना सोबत न्या. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतील, कमी नाहीत. पिन बसली म्हणजे जुळलं असं मात्र नाही! प्लस-मायनस उलटे असतील, तर सप्लायपेक्षा महाग असलेला मुख्य बोर्डच जळायचा.

डबा उघडून आतला फ्यूज बदलायचा मोह आवरा. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून जास्त दाब काही काळ टिकू शकतो. लेझर प्रिंटर तर थेट मेकॅनिककडेच न्यावा. त्यातल्या फ्यूजरचा हीटर सहसा घरच्या 230 व्होल्टवरच तापतो.