सही कुणाची चालते?

मराठीतला ‘व्यवसाय’ हा शब्द फार ऐसपैस आहे. वैद्यकीय व्यवसाय, वकिली व्यवसाय, किराणा मालाचा व्यवसाय, सगळे त्यात मावते. त्यामुळे प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा व्यवसाय आहे का, असे विचारले तर कुणीही हो म्हणेल. खरा प्रश्न पेशाचा आहे. डॉक्टर, वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांच्या पंगतीत प्रोजेक्ट मॅनेजरचे पान मांडायचे का? माझे उत्तर ‘अजून नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण कौशल्याची उणीव हे नव्हे.

कौशल्याच्या बाबतीत या मंडळींची बाजू भक्कम आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट निघाली, १९८४ पासून तिचे पीएमपी प्रमाणपत्र सुरू झाले. ते नुसत्या पाठांतरावर मिळत नाही, प्रकल्प हाताळल्याचा अनुभव दाखवावा लागतो आणि दर ३ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. संस्थेची आचारसंहिताही आहे. कोकण रेल्वेसारखे काम आठवले, तर बोगदे, पूल, जमिनी, कंत्राटदार आणि पैसा यांचा मेळ घालणे ही स्वतंत्र विद्या आहे हे मान्यच करावे लागते. पण विद्या असणे वेगळे आणि पेशा असणे वेगळे. पेशाची कसोटी मला दुसरीकडे दिसते: पैसे देणाऱ्यालाच ‘नाही’ म्हणण्याचे बंधन त्या माणसावर आहे का, आणि ते मोडले तर त्याचे काम बंद पाडणारे कुणी आहे का? ऑडिटरची फी कंपनी भरते, पण त्याचा अहवाल भागधारकांसाठी असतो. त्याने डोळेझाक केली तर १९४९ च्या कायद्याने उभी राहिलेली संस्था त्याचे नाव यादीतून काढू शकते. प्रोजेक्ट मॅनेजरचा अहवाल मात्र पगार देणाऱ्यापाशीच थांबतो. साइटवरची लाल खूण वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत हिरवी होते. या क्षेत्रातली माणसे अशा अहवालाला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवे, आत लाल. तो कापून दाखवायचे कायदेशीर बंधन कुणावर नाही. पीएमपी रद्द झाले तरी माणूस दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसू शकतो.

यावर कुणी म्हणेल, की ही कसोटी फारच कडक झाली. अभियंत्यांना तरी आपल्याकडे देशपातळीवर परवान्याचा कायदा कुठे आहे? आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, पण तो उपाधीचे रक्षण करतो, कामाचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हा आक्षेप खरा आहे, आणि अभियंत्यांच्या बाबतीत तो आपल्याला लाज आणणाराही आहे. पण उपाधी काढून घेता येणे हेही काही कमी नाही. प्रोजेक्ट मॅनेजर ही पाटी मात्र कुणीही दारावर लावावी. ब्रिटनमध्ये तिथल्या प्रोजेक्ट मॅनेजरांच्या असोसिएशनला २०१७ मध्ये राजसनद मिळाली आणि पुढे ‘चार्टर्ड’ व्यावसायिकांची नोंदवही सुरू झाली. पेशे असेच हळूहळू घडतात हे खरे, परंतु त्या नोंदवहीत नाव नसलेल्याला तिथेही काम करता येतेच.

आपल्याकडे नेमके काय कमी आहे ते २०१६ च्या रेरा कायद्यात दिसते. घर घेणाऱ्यांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम बिल्डरला वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. ती काढायची तर काम किती टक्के झाले याची प्रमाणपत्रे लागतात, आणि ती आर्किटेक्ट, अभियंता आणि चार्टर्ड अकाउंटंट अशा तिघांकडून. काम कुठे अडले आहे हे ज्याला रोजच्या रोज ठाऊक असते, त्या प्रोजेक्ट मॅनेजरची सही कायद्याने मागितलेलीच नाही.